मुरमुऱ्याचा सरदार

मुलीच्या लग्नात व्याह्याला हरवायचं, आणि तेही अडीचशे वर्षांपूर्वीच्या लढाईत, असा बेत करणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो चिखलीत राहतो. नाव रंगराव भुतेकर.

रंगरावांची सगळी नोकरी एसटी स्टँडवरच्या माइकसमोर गेली. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली आणि कोणती आज लागणारच नाही, हे त्यांनी जन्मभर लोकांना दोन-दोनदा सांगितलं. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, दोनदा सांगायची खोड काही सुटली नाही. आता सांगायला गाड्या उरल्या नव्हत्या, म्हणून त्यांनी इतिहास धरला. सगळा नव्हे, तेवढी पोच कोणाची? रंगरावांचा इतिहास एका दुपारचा होता. अमडापूरच्या बाजूला त्यांचं मूळ गाव हिवरटेक. त्या गावाबाहेरच्या ओढ्यावर म्हणे एका दुपारी नागपूरकर भोसल्यांची माणसं आणि निजामाची माणसं समोरासमोर आली, आणि भोसल्यांकडून लढणाऱ्या तुळाजीराव भुतेकरांनी निजामाच्या फौजेला ओढ्यापार पळवून लावलं. लढाई एका दुपारची, पण रंगरावांच्या तोंडून ऐकायला दोन दुपारी लागत.

त्या काळी वऱ्हाडात एका गावाला दोन-दोन मालक असत. भोसल्यांचा माणूस येऊन वसूल नेई, त्याच्यामागून निजामाचा येऊन उरलेला नेई. दोघांची गाठ एकाच दिवशी पडली की मारामारी होई, आणि मारामारी संपली की दोघेही आपापल्या धन्याला ‘फत्ते झाली’ म्हणून लिहून मोकळे होत. हे सगळं रंगरावांना त्यांच्या ओळखीच्या अविनाश या इतिहासाच्या प्राध्यापकानं नीट समजावून सांगितलं होतं.

“काका, ‘मी हरलो’ असं लिहिणारा सरदार मले तं कोण्याच दप्तरात भेटला नाई. दोन्हीकडचे कागद वाचले का दोन्हीकडं विजयच विजय.”

“म्हंजे भोसल्याईच्या कागदात आपला विजय हाय. विजय हाय न?” रंगराव म्हणाले.

“हाय. पन निजामाच्या कागदातबी—”

“तेवढं पुरे झालं,” रंगराव म्हणाले, आणि त्यांनी अविनाशला चहा पाजून वाटेला लावलं. आपल्याला लागतं तेवढंच ऐकून घेण्याची ही विद्या त्यांनी प्रवाशांच्या तक्रारी ऐकताना कमावली होती.

एकच काळजी त्यांना खात होती. आपल्यामागं ही लढाई सांगणार कोण? मुलगा नाही. पूनम एकटीच, खामगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, लग्नाची. पुतण्या गजेंद्र पुण्याला असतो, त्याला एकदा फोनवर सगळी लढाई ऐकवली. तो शेवटी म्हणाला, “काका, पीडीएफ असेल तर पाठवून द्या.” त्या दिवशी रंगराव जेवले नाहीत. तुळाजीरावांनी ज्यासाठी रक्त सांडलं ते पीडीएफ होऊन कुठंतरी पडणार, या विचारानं त्यांना खरोखर भरून आलं, आणि त्यांच्या बायकोनं, आशाबाईंनी, भाकरी झाकून ठेवली.

अशात पूनमला नांदुऱ्याचं स्थळ आलं. मुलगा शेखर, शांत, स्वतःचं मेडिकल दुकान. वडील वामनराव, धान्याची अडत. पत्रिका जुळली, मुलामुलीचं जुळलं, अगदी दोघांच्या आयांचंही जुळलं. बैठकीत कपबशा हातात आल्यावर रंगरावांनी सहज विचारलं, “मूळ गाव कोणतं मनलं तुमचं?”

“सावळगव्हाण,” वामनराव म्हणाले.

रंगरावांचा कप ओठाशीच थांबला. सावळगव्हाण म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव. तुळाजीरावांनी ज्यांना पळवून लावलं ते याच गावचे! हरलेल्या घरात आपण मुलगी देतोय, या जाणिवेनं रंगरावांचा चेहरा दयेनं मऊ झाला. ते पुढं सरकले आणि वामनरावांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “व्याही, मागचं काई मनात ठेवू नोका. मनात ठेवू नोका.”

“मागचं काय?”

“ओढ्यावरचं.”

“थ्ये? थ्ये काऊन मनात ठेवू?” वामनराव बिस्कीट बुडवत म्हणाले. “थ्ये तं आमी जिंकलो होतो न.”

आशाबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, की रंगरावांनी बशीतला चहा एका घोटात संपवला. पण वामनराव गप्प बसणारे नव्हते. त्यांनी आपले सरदार हैबतराव बैठकीत आणून बसवलेच. हैबतरावांनी हिवरटेकच्या पुंडांना ओढ्यात बुडवून बुडवून मारलं होतं. आता हैबतराव लढले निजामाकडून, आणि हे आजच्या दिवसात चारचौघांत सांगणं जरा अडचणीचं. त्यावर वामनरावांच्या घराण्यानं तोड काढून ठेवली होती. हैबतराव वरून निजामाचे होते, आतून स्वराज्याचेच. म्हणजे वरचे हैबतराव ज्यांना बुडवत होते त्यांच्याच बाजूचे आतले हैबतराव होते, आणि एवढा घोळ घालूनही दोघेही जिंकले होते. बैठकीतल्या कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. पोहे चांगले झाले होते.

खरी लढाई लग्नपत्रिकेपासून पेटली. रंगरावांनी पत्रिकेत गणपतीच्या खाली आणि मुलीच्या नावाच्या वर घातलं, ‘ओढ्याच्या रणसंग्रामातील विजयी वीर तुळाजीराव यांच्या कुळातील’. तीन दिवसांत खामगावच्या छापखान्यातून फोन आला.

“साहेब, एक इचारायचं होतं. नांदुऱ्याची पत्रिकाबी आमच्याकडंच हाय. त्याईनंबी थोच ओढा जिंकला. छापायची चूक नाई न व्हत कोनाची?”

चूक कोणाचीच नव्हती. दोन्ही पत्रिका तशाच छापल्या गेल्या, आणि ज्या नातेवाइकांना दोन्हीकडून आमंत्रण होतं त्यांच्या टेबलावर एकच लढाई दोन रंगांत, दोन निकाल घेऊन पडली. फोनवर फोन सुरू झाले. “खरं कोन जिंकलं हो?” असं विचारणाऱ्या प्रत्येकाला रंगरावांनी दोनदा उत्तर दिलं. घरात मांडवाचा पत्ता नाही, आचारी ठरायचा, बस्ता बांधायचा, आणि नवरीचा बाप तोफांच्या जागा सांगतोय.

शेजारच्या माणिकरावांचा रंगरावांना मोठा आधार वाटे. माणिकराव निवृत्त पोस्टमास्तर, मूळचे हिवरटेकचेच, तिथल्या बौद्धवाड्यातले. एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या ते म्हणाले, “आमच्याकडंबी सांगतात त्या लढाईचं.”

रंगराव उडालेच. नवा साक्षीदार! “काय सांगतात? काय सांगतात?”

“दोन्ही फौजा जिंकून निंघून गेल्या. मंग ओढ्यातली मढी ओढायले आमच्या लोकाईले बोलावलं. आठ दिवस ओढत व्हते म्हनतात. कोनतं मढं कोन्या बाजूचं, कोनालेच वयखू आलं नाई. आन् ओढा बाटला म्हून वरतून शिव्या खाल्ल्या त्या आमीच. आमच्या आजीले लढाई म्हंजे येवढंच मालूम.”

रंगरावांनी थोडा वेळ मान हलवली. मग घसा साफ करून म्हणाले, “हाव, पन तुळाजीराव दिसले असतीन न तुमच्या लोकाईले?”

माणिकरावांनी त्यांच्याकडं शांतपणे पाहिलं. “मढ्यात तं नव्हते, येवढं नक्की,” ते म्हणाले आणि उठून घरात गेले.

दुसऱ्या कोणाला त्या उत्तरानं लाज वाटली असती. रंगरावांनी त्याच्यातून ‘तुळाजीरावांच्या अंगाला ओरखडाही नव्हता’ असा नवा पुरावा काढला आणि आशाबाईंना स्वयंपाकघरात जाऊन दोनदा सांगितला. असल्या माणसाचं कोणी काय करणार?

त्याच सुमारास आशाबाईंची धाकटी बहीण पुष्पांजली पिंपळगाव राजाहून रुखवत मांडायच्या तयारीनं आली. रुखवत म्हणजे लग्नात नवरीकडच्या बायकांनी केलेल्या वस्तूंचं आणि खाऊचं प्रदर्शन, जे नवऱ्याकडच्यांनी पाहायचं, नावं ठेवायची आणि शेवटी घरी घेऊन जायचं. पुष्पांजलीचा या कामात हातखंडा होता. तिनं आजवर साबुदाण्याच्या पापडांचं कमळ केलं होतं, कुरडयांचा मोर केला होता, आणि एका लग्नात नांदुऱ्याचं रेल्वे स्टेशन शंकरपाळ्यांत उभं केलं होतं. रंगरावांनी तिचं काम पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पत्रिका काय, लग्नानंतर कोणी रद्दीत टाकेल. रुखवत मुलीबरोबर सासरी जातं! वामनरावांच्या दिवाणखान्यात, वामनरावांच्याच काचेच्या कपाटात, हैबतरावांचा पराभव कायमचा बसलेला असेल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पूनम तो समजावून सांगेल. शत्रूच्या घरात आपला विजय, आणि सांगणारी आपली लेक!

“लढाई करायची,” त्यांनी पुष्पांजलीला सांगितलं. “लढाई.”

“करू की भाऊजी. त्याच्यात काय,” ती म्हणाली, जणू कोणी तिला मठ्ठा करायला सांगितलं होतं.

आठवडाभर घरात तुपाचा वास आणि युद्धाची बोलणी. जुन्या निळ्या साडीचा ओढा झाला. रिकाम्या रिळांच्या तोफा झाल्या, करंज्यांचे घोडे झाले. तुळाजीरावांची फौज शुद्ध तुपातल्या बेसन लाडवांची, लवंगांचे डोळे, केशराच्या मिशा. निजामाची फौज मुरमुऱ्याच्या लाडवांची. रंगरावांनी कारण विचारलं तेव्हा पुष्पांजली म्हणाली, “पळनारी मानसं हलकीच पायजेत भाऊजी.” या एका वाक्यावर रंगरावांनी तिला साडी कबूल केली. हैबतराव एका करंजीवर उलट तोंडानं बसवले होते, म्हणजे घोडा लढाईकडं आणि स्वार गावाकडं.

पूनम सुट्टी घेऊन आली आणि टेबलापाशी थबकली. “बाबा, हे काय करून राह्यले तुमी? माझं लग्न हाय, लढाई नाई.”

“बेटा, माह्यामागं हे सांगनारं कोनी नाई,” रंगराव म्हणाले. “गजेंद्र पीडीएफ मांगते. तूच सांगशीन न? तिथं बसून सांगशीन न?”

पूनमनं उलट्या हैबतरावांकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. “सांगीन बाबा,” ती म्हणाली, “पयले लगन तं होऊ द्या.”

लग्न खामगावच्या अलीकडं एका लॉनवर, गोरज मुहूर्तावर होतं. सकाळीच रुखवताचा टेम्पो निघाला. पुढं ड्रायव्हर गोविंदा, शेजारी पुष्पांजली, मागं दोन्ही फौजा सांभाळत स्वतः रंगराव. अमडापूरच्या पुढं नाकं लागलं होतं. नगरपालिकांच्या निवडणुकीची आचारसंहिता सुरू होती, आणि हवालदारानं ताडपत्री वर केली तर आत तोफा, घोडे, एक भगवा झेंडा आणि एक हिरवा.

“हे काय आहे?”

“लढाई,” रंगराव अभिमानानं म्हणाले. “लढाई.”

“परवानगी?”

“अडीचशे वर्षांपूर्वीची आहे साहेब.”

“मग तेव्हाची परवानगी दाखवा.”

रंगरावांनी त्याला सगळा इतिहास सांगितला. हवालदारानं तो ऐकून घेतला आणि साहेबांना फोन लावला. साहेबांनी दोनच गोष्टी विचारल्या, झेंडे किती आणि रंग कोणते. भगवा आणि हिरवा एकाच टेम्पोत समोरासमोर, वर तोफा, हे ऐकून साहेबांनी सांगितलं की एक तर लढाई इथंच उतरवा, नाही तर झेंडे. रंगराव म्हणाले, झेंड्याशिवाय लढाई म्हणजे दांडगाई. हवालदार म्हणाला, तोच तर गुन्हा आहे. शेवटी पुष्पांजलीनं पिशवीतून एक गुलाबी ब्लाउजपीस काढला, कात्रीनं दोन तुकडे केले आणि दोन्ही फौजांच्या हातात एकेक दिला. त्यावर आक्षेप घेता येईना. जाता जाता हवालदारानं आत काही स्फोटक नाही ना हे पाहण्यासाठी भोसल्यांचा एक शिपाई खाल्ला आणि ‘जाऊ द्या’ म्हणाला.

लॉनवर टेबल मांडलं तेव्हा दोन गुलाबी झेंड्यांखाली दोन फौजा उभ्या होत्या, आणि कोण कोणाचं हे आता फक्त बेसन आणि मुरमुरे यांवरून ओळखायचं होतं. वरात अर्थातच उशिरा आली. तीन वाजता यायची ती सूर्य टेकता टेकता आली, आणि बँडच्या तालावर नाचून नाचून भुकेली झालेली. वामनराव फेटा सावरत, विहीणबाईंना मागं टाकून थेट रुखवताकडं आले. त्यांनी ओढा ओळखला. तोफा पाहिल्या. मग वाकून करंजीवरच्या स्वाराकडं निरखून पाहिलं.

“हा कोन व्हय?”

“तुमचे हैबतराव,” रंगराव म्हणाले.

“आन् हे उलटे काऊन बसले?”

“मागं काय येऊन राह्यलं थ्ये पायतात. जीव घेऊन पळून राह्यले न.”

वामनरावांनी एक वेळ तेही गिळलं असतं. त्यांनी बोटानं हैबतरावांना दाबून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा काळानिळा झाला. “मुरमुऱ्याचा?” ते ओरडले. “तुमचा बेसनाचा, शुद्ध तुपातला, आन् आमचा मुरमुऱ्याचा? आमच्या घरान्याले गूळ-मुरमुऱ्यात काढता तुमी?”

“मंग काय काजूकतली करू पळनाऱ्याची?” रंगराव म्हणाले, आणि तोंडातून गेल्यावर त्यांनी ते सवयीनं पुन्हाही म्हटलं.

मग जे व्हायचं ते झालं. “आतून स्वराज्याचा असलेल्या माणसाचा अपमान” झाला म्हणून वामनरावांकडचे चार काका धावून आले. ओढ्याचं पाणी कोणत्या बाजूला वाहतं यावरून हिवरटेक आणि सावळगव्हाण यांची जुनी भांडणं वर आली, त्यात एका म्हशीचं प्रकरणही निघालं. “सरदार बदला, नाई तं वरात परत नेतो,” असं वामनराव म्हणाले. “न्या. पळायची सवय हायेच,” असं रंगराव म्हणाले. आशाबाई डोक्याला हात लावून खुर्चीवर बसल्या. मुलगी नटून आत बसलेली, नवरा मुलगा फाटकाशी गाडीत घामाघूम झालेला, गुरुजी घड्याळ दाखवतायत, आणि हे दोन बाप लाडवांवरून एकमेकांचे फेटे उडवायला निघालेत.

या गदारोळात कोणाच्या लक्षात आलं नाही की वऱ्हाडी मंडळी रुखवतापाशी उभी आहेत आणि त्यांना भूक लागली आहे. पहिले तुळाजीरावच गेले. वामनरावांच्या मेहुण्यानं त्यांना मिशांसकट उचलून तोंडात टाकलं.

“अरे, थो तुळाजीराव व्हता!” रंगराव किंचाळले.

“तूप चांगलं हाय,” मेहुणा म्हणाला आणि त्यानं पाठोपाठ दोन बारगीर उचलले.

आपला सरदार खाल्ला गेल्याचं पाहून भुतेकरांकडच्यांचं रक्त सळसळलं. त्यांनी सूड म्हणून मुरमुऱ्याची फौज खायला घेतली. अविनाशनं इतिहासाचा प्राध्यापक असूनही हैबतरावांना अर्ध्यात मोडलं. करंज्यांचे घोडे दोन्ही बाजूंनी खाल्ले. पाच मिनिटांत मैदान साफ झालं. राहिला तो निळा ओढा, रिळांच्या तोफा आणि दोन गुलाबी झेंडे. पुष्पांजलीनं आठवडाभर खपून उभी केलेली लढाई अशी कोणाच्याही पोटभरीची झाली नाही.

आता फौजाच नाहीत म्हटल्यावर भांडण संपायला हरकत नव्हती. पण वामनराव टेबलाच्या एका अंगाला छाती काढून उभे राहिले आणि म्हणाले, “मैदान सोडीन थो हारला.” रंगराव दुसऱ्या अंगाला रोवून उभे राहिले. “हारला,” ते म्हणाले, “हारला.” गुरुजींनी दोनदा बोलावलं, विहिणी हात जोडून गेल्या, माणिकराव येऊन दोघांकडं पाहून जेवणाच्या मांडवाकडं निघून गेले. दोघेही हलेनात. जावयाचा आणि मुलीचा उद्याचा संसार त्या रिकाम्या टेबलावर लटकलेला.

आणि लाइट गेली.

अंधारात एकदम गलका झाला. जनरेटरवाला जेवायला बसला होता. कोणी कोणाच्या पायावर पाय दिले, कोणी अक्षता सांडल्या. तेवढ्यात आतल्या दारातून मोबाइलचा उजेड आला. मुंडावळ्या बांधलेली पूनम शालू उचलून धरून टेबलापाशी आली आणि तिनं उजेड धरला. त्या उजेडात रंगरावांना दिसलं, की वामनराव वळले आहेत आणि मुकाट्यानं, मान खाली घालून, स्टेजकडं चालले आहेत. पाठमोरे. फेट्याचा तुरा लोंबतोय. रंगराव आपल्या जागेवर अजून उभे होते. मैदान त्यांचं होतं! अडीचशे वर्षांनी पुन्हा! ऊर भरून येऊन त्यांनी लेकीकडं पाहिलं आणि भुवयांनी विचारलं, पाहिलंस ना? पूनमनं मान हलवली. पाहिलं.

मग लाइट आली, मंगलाष्टकं झाली, पंगती उठल्या. लाइट आली तेव्हा दोघेही बाप स्टेजवर होते, त्यामुळं आधी कोण हललं हे बाकी कोणालाच कळलं नाही. रंगरावांना त्याची फिकीर नव्हती. भोसल्यांच्या कागदाला कोणी नाकारू शकेल, पोटच्या पोरीच्या डोळ्यांना कोण नाकारणार? पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते तेव्हा ते एकटेच प्रसन्न होते. मुलीबरोबर विजय सासरी चालला होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आणायची असते. मुऱ्हाळी म्हणून आणायला रंगराव स्वतः नांदुऱ्याला गेले, स्वच्छ धोतर नेसून, विजेत्याला शोभेल अशा चालीनं. वामनरावांनी दारात येऊन स्वागत केलं, पाय धुवायला पाणी दिलं. दिवाणखान्यात शेजारपाजारचे आठ-दहा जण टेकले होते. काचेच्या कपाटात निळा ओढा मांडलेला होता, वर दोन्ही गुलाबी झेंडे. रंगरावांना पाहूनच धन्य वाटलं.

“पूनम बेटा,” वामनराव आतल्या दिशेनं म्हणाले, “थो लग्नातला किस्सा सांग न याईले. बाबाबी आले तुये.”

पूनम चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे टेबलावर ठेवून तिनं पदर खोचला आणि सांगायला लागली. सांगायची तिची ढब चांगली होती, प्रत्येक महत्त्वाची गोष्ट ती दोनदा सांगत होती. लाडवांची फौज सांगितली, हवालदार सांगितला, मेहुणा सांगितला. लोक हसत होते. रंगरावही हसत होते, पुढं काय येणार हे ठाऊक असलेल्या माणसाचं हसू.

“आन् मंग लाइट गेली,” पूनम म्हणाली. “मी मोबाइल लावून आली, पायते तं काय? आमचे मामंजी तिथंच उभे, खांबासारखे उभे. आन् बाबा? बाबा दिसतच नाईत! पायलं तं स्टेजकडं चालले, हळूहळू, मान खाली घालून, फेट्याचा तुरा लोंबून राह्यला...”

दिवाणखाना हसून हसून कोसळला. वामनरावांनी डोळे पुसले. रंगरावांनी हातातली बशी खाली ठेवली आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं उठून आत गेले. पूनम मागोमाग आली.

“तू पायलं व्हतं न,” रंगराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते एकदाच बोलले.

“पायलं न बाबा. म्याच तं पायलं.”

“मंग?”

पूनमनं गॅसवरचं दूध उतू जाता जाता खाली उतरवलं. “मले रोज सकाळी उठून चहा कोन्या घरात करा लागते बाबा?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. “उद्या चिखलीले आली का तुमची सांगीन. चांगली सांगीन, तुळाजीरावासकट.”

रंगराव ओट्याला धरून उभे राहिले. पूनमनं त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि त्यांच्या सदऱ्याची गुंडी नीट लावली, जशी ती लहानपणी डेपोत डबा घेऊन आली की लावायची.

बाहेरून वामनरावांची हाक आली, “ओ व्याही, या न बाहेर! किस्सा अर्धाच राह्यला, लोकं थांबले न!”

रंगराव बाहेर गेले आणि आपल्या खुर्चीवर बसले. पूनमनं उरलेली लढाई सांगितली. रंगरावांनी आपला पराभव शेवटपर्यंत ऐकला, आणि जिथं जिथं लोक हसले तिथं तिथं तेही हसले.